ओटिस कंपनीची सुरुवात

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत लोक निर्धास्तपणे लिफ्टने ये-जा करतात. पूर्वी दोर तुटला की पाळणा थेट खाली कोसळत असे. अमेरिकेतील कारागीर एलिशा ओटिस यांनी १८५२ मध्ये यावर उपाय शोधला : दोराचा ताण सुटताच स्प्रिंगमुळे पाळणा बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडके. १८५३ मध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला. पण गिऱ्हाईक फारसे नव्हते. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी स्वतः पाळण्यावर उभे राहून दोर कापायला लावला. पाळणा जागीच थांबला आणि मागणी वाढली. १८६१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मुलगे चार्ल्स आणि नॉर्टन यांनी कंपनी वाढवली. १९५३ मध्ये मुंबईत तिची भारतीय कंपनी स्थापन झाली. दोर तुटल्यास लिफ्ट रुळांना पकडून थांबवणारी यंत्रणा आजही लिफ्टमध्ये असते.