उपग्रहाच्या एका ठिपक्यात किती गुंठे?

आज गोष्ट आपल्या पायाखालच्या मातीची, आणि वरून तिच्याकडे बघणाऱ्या डोळ्यांची.

१९२६ मध्ये प्रवरेवर भंडारदरा धरण पूर्ण झालं. राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात पाटाचं पाणी खेळलं, ऊस वाढला. पण खोल काळ्या मातीत निचरा मंद. पाणी जास्त झालं की भूजल वर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. जमीन क्षारपड होते. मग ही पांढरी झाक वरून दिसते का?

हिशेब गुंठ्यांत करू. १९७२ च्या लँडसॅट-१ चा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, साधारण ८० मीटरचा. म्हणजे दीड एकर! त्यात अर्धा ऊस, अर्धी क्षारपड जमीन असेल तर उपग्रह दोन्हींची सरासरी दाखवणार. १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए आला. त्याच्या लिस-२ कॅमेऱ्याचा ठिपका ३६ मीटरचा, सुमारे १३ गुंठे. २०१५ च्या सेंटिनल-२ चा १० मीटरचा, फक्त एक गुंठा.

मग प्रश्न सुटला? नाही ना! पांढरं तर चुनखडीही दिसते. इथं बारीक ठिपका पुरत नाही, रंगांची बारीक फोड लागते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चिकणमाती २.२ मायक्रॉनजवळ प्रकाश शोषते, चुनखडी २.३४ जवळ. लँडसॅटच्या नंतरच्या थिमॅटिक मॅपरचा एकच रुंद पट्टा या दोन्ही खुणा गिळून टाकायचा. २००० साली सुटलेल्या ईओ-१ वरच्या हायपेरियननं २२० अरुंद पट्टे दिले, पण ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. कारण पट्टा अरुंद केला की प्रकाश कमी मिळतो, मग तो गोळा करायला जागा मोठी लागते. सेंटिनलचेही या भागातले पट्टे २० मीटरचेच आहेत.

त्यातही उभा ऊस माती झाकतो, म्हणून उन्हाळ्यातली चित्रं जास्त कामाची.

मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं: ज्याची जमीनच पाच गुंठे, त्याचं नुकसान मोठ्या ठिपक्यात विरघळून जातं. म्हणून नकाशा हातात आला की आधी विचारा, याचा ठिपका केवढा आणि पट्टे किती? आणि शेवटी माती तपासून घ्याच.