तळटीप : दोन कार्डे, एक डिफॉल्ट मार्ग

* लेखक इथे दोन्ही नेटवर्क कार्डांना पत्ते देऊन थांबतात. खरी अडचण तिथूनच सुरू होते. लिनक्सच्या मुख्य राउटिंग तक्त्यात डिफॉल्ट मार्ग दोन लिहिले, तरी एरवी कमी मेट्रिकचा एकच वापरला जातो. त्यामुळे दुसऱ्या कार्डावर आलेल्या विनंतीचे उत्तर पहिल्या कार्डातून बाहेर पडते. पत्ता एका जोडणीचा आणि वाट दुसरीची, असे पॅकेट पुढचा सेवादाता बहुधा टाकून देतो. सर्व्हर नीट चालू, विनंतीही येऊन पोहोचते, आणि बाहेरचा माणूस ताटकळत बसतो. यावरचा उपाय १९९९च्या लिनक्स २.२पासून हाताशी आहे, तो मूळ मजकुरात यायलाच हवा होता : दुसऱ्या पत्त्यासाठी वेगळा तक्ता करावा, त्यात त्या जोडणीचा गेटवे लिहावा आणि ‘आयपी रूल’ आज्ञेने उगमपत्ता पाहून तो तक्ता निवडायला लावावा. हे सारे कॉन्फिगरेशन फाइलीतही नोंदवावे. नुसती दिलेली आज्ञा रीबूटनंतर उरत नाही.

पृष्ठावरील ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ ही नावे जुन्या पद्धतीची. कार्डे सापडण्याचा क्रम बदलला की त्यांची अदलाबदल होऊ शके. २०१३पासून सिस्टिमडी जागेवरून नाव देते : ‘ईएनपी३एस०’ म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०.