पाटी आणि पुकारा : वकिलाच्या नावाच्या प्रसिद्धीचा इतिहास

वकिलाने आपले नाव लोकांपुढे कोणत्या रीतीने आणावे, हा प्रश्न आंतरजालामुळे निर्माण झाला असे समजण्यात येते. वस्तुतः हा प्रश्न निदान दीडशे वर्षांचा आहे. बदलले ते केवळ नाव लिहिण्याचे फलक. या प्रश्नाच्या मुळाशी एक भाषिक भेद आहे. ‘मी अमुक आहे’ असे सांगणे आणि ‘माझ्याकडे या’ असे म्हणणे, ही दोन वाक्ये एक की दोन? कायद्याने ती कधी एक मानली, तर कधी दोन. हा फरक कसकसा घडत गेला ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘वकील’ हा अरबी शब्द सोपविणे या अर्थाच्या धातूपासून आलेला असून, ज्याच्यावर काम सोपविले तो वकील होय. ज्याने ते सोपविले तो ‘असील’, म्हणजे मूळ धनी. मराठीतील ‘अशील’ तो हाच. मराठेशाहीत वकील हा दुसऱ्या दरबारी नेमलेला प्रतिनिधी असे. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे हे त्याचे सुपरिचित उदाहरण. अशा वकिलाला आपली जाहिरात करण्याचे कारणच नव्हते. त्याचा धनी ठरलेला असे, आणि त्याची ओळख धन्याच्या पत्रावरून पटत असे. पत्रांतील ‘विज्ञापना’ हा शब्दही येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. कनिष्ठाने वरिष्ठापुढे नम्रपणे मांडलेले निवेदन, असा त्याचा अर्थ होता. त्याच्याच जातकुळीचा ‘विज्ञापन’ शब्द हिंदीत आज जाहिरातीला लावतात. निवेदनापासून जाहिरातीपर्यंतचा जो प्रवास या शब्दाने केला, तोच वकिली व्यवसायापुढचा पेच आहे.

इंग्रजी अंमलात वकिलाचा धनी ठरलेला राहिला नाही. बंगालमध्ये १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनाने वकिली सनदेच्या कक्षेत आणली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने तशीच व्यवस्था आली. सनदेने अधिकार मिळाला, पण अशील मिळाला नाही. तालुक्याहून आलेल्या पक्षकाराला कोणता वकील कोठे बसतो हे ठाऊक नसे आणि वकिलालाही त्याच्यापर्यंत जाण्याची वाट नसे. या पोकळीत मध्यस्थ उभा राहिला. मोबदला घेऊन वकिलाला काम मिळवून देणारा हा दलाल १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टच्या कक्षेत आला. पुढे अशा दलालांच्या याद्या करून त्या न्यायालयात टांगण्याची तरतूद झाली. येथे एक विसंगती नजरेत भरते: ज्या आवारात वकिलाने आपली प्रसिद्धी करणे निंद्य मानले जाई, तेथेच दलालाचे नाव मात्र सर्वांना वाचता येईल असे लावलेले असे.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने व्यवसायाची शिस्त वकिलांच्याच संस्थांकडे सोपविली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याखाली केलेल्या नियमांतील छत्तिसावा नियम या विषयाचा कणा आहे. परिपत्रके, जाहिराती, दलाल, ओळखीवाचून घेतलेल्या भेटी, आपण चालविलेल्या खटल्यासंबंधी वर्तमानपत्रांत आणविलेला मजकूर वा छायाचित्र, या साऱ्यांना त्याने मनाई केली. पाटी वाजवी आकाराची असावी. तीवर पूर्वीची न्यायाधीशपदे नसावीत, आणि आपण अमुक प्रकारच्या कामात विशेष निष्णात आहोत असेही नसावे, असे तो सांगतो.

या नियमाच्या वाचनाचा प्रश्न मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. फौजदारी न्यायालयाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर तुटून पडणे, एकमेकांच्या हातून कामे हिसकावणे, असे आरोप काही वकिलांवर होते. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरले. परंतु अपिलात अखिल भारतीय शिस्त समितीने नियमाचे तुकडे पाडले. कामाची याचना, ती विशिष्ट व्यक्तीकडे, आणि विशिष्ट खटल्यासाठी, हे तिन्ही घटक सिद्ध झाल्याखेरीज दोष नाही, असा तिचा अन्वय होता. १९७५ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने हा अन्वय फेटाळला. वकिली हा व्यापार नव्हे, हे त्या निकालाचे सूत्र होय. भाषेच्या अभ्यासकाला यात एक धडा आहे. व्याकरणाने वाक्याचे घटक सुटे करता येतात. पण ज्या आचारासाठी ते वाक्य लिहिले गेले तो आचार नजरेआड केला, तर सुट्या घटकांतून अर्थ हाती लागत नाही.

नेमक्या याच काळात अमेरिकेत उलट दिशेने पाऊल पडले. तेथील बार असोसिएशनच्या १९०८ च्या आचारसंहितेने जाहिरात निषिद्ध मानली होती. १९७६ मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी नित्याच्या कामांचे दर वर्तमानपत्रात छापले. १९७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, सत्य माहिती देणाऱ्या अशा जाहिरातीला सरसकट बंदी घालता येणार नाही असे ठरविले. दर ठाऊक नसल्यामुळे सामान्य माणूस वकिलाकडे जाण्यासच कचरतो, हा विचार त्या निकालामागे होता. इंग्लंडमध्येही सॉलिसिटरांवरील बंदी १९८४ मध्ये सैल झाली. भारतात व्यापारी जाहिरात हीदेखील अभिव्यक्तीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मानले. पण वकिलांचा नियम जागचा हलला नाही.

तो हलला २००८ मध्ये. सर्वोच्च न्यायालयात या नियमाला आव्हान देणाऱ्या एका याचिकेच्या ओघात संकेतस्थळापुरता अपवाद करण्यात आला. नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणीचा क्रमांक व दिनांक, परिषदेचे नाव, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र, एवढेच द्यावे. मजकूर खरा असल्याची ग्वाही द्यावी. याहून अधिक काही घातले तर तो नियमभंग. म्हणजे दारावरच्या पाटीवर जे विशेष क्षेत्र लिहिता येत नाही, ते संकेतस्थळावर लिहिता येते! एकाच नियमाच्या पोटात दोन काळ एकमेकांशेजारी नांदत आहेत.

यानंतर जुना दलाल नव्या रूपात परतला. ३ जुलै २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने आंतरजालावरील सेवासूचींतून होणाऱ्या वकिलांच्या जाहिरातींविरुद्ध कारवाईचा आदेश दिला. वकिलांना ‘प्लॅटिनम’, ‘प्रीमियम’ अशी बिरुदे लावणाऱ्या पद्धतीवर त्याने टीका केली. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने समाजमाध्यमांतून होणाऱ्या वकिलांच्या प्रसिद्धीविरुद्ध पुन्हा इशारा दिला. येथे वकील स्वतः काही बोलत नाही. यादीतील त्याची जागाच त्याच्या वतीने पुकारा करते.

या इतिहासावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, संपूर्ण मौन कधीच निःपक्ष नव्हते. ज्याचे आडनाव तीन पिढ्या जिल्हा न्यायालयात ऐकू येते, त्याला जाहिरातीची गरज नसते. मौनाचा भार पडतो तो घरात पहिल्यानेच सनद घेणाऱ्यावर, आणि पहिल्यानेच कोर्टाची पायरी चढणाऱ्या पक्षकारावर. दुसरी ही की, मौन सोडून बाजार मोकळा केला, तर मधली जागा पुन्हा दलालच घेतो. म्हणून भेद माध्यमाचा न मानता वाक्याचा मानणे इष्ट. जे वाक्य पडताळून पाहता येते, म्हणजे नोंदणी, पात्रता, क्षेत्र आणि माझ्या मते नित्य कामाचे शुल्कसुद्धा, ते निवेदन होय. ते मोकळे असावे. ‘सर्वोत्तम’, ‘हमखास यश’ ही वाक्ये पडताळता येत नाहीत. ती पुकारा होत.

या दोहोंपलीकडे तिसरी वाट आहे. भाडेकरार, वारसा, पोटगी यांविषयी जो वकील सोप्या मराठीत, कोणालाही ‘या’ न म्हणता, नेमके लिहितो, त्याचे नाव आपोआप लोकांपुढे येते. वाचकाच्या हातीही काही पडते. सोपविणाऱ्याला आपण काय सोपवीत आहोत हे कळणे, हीच ‘वकील’ आणि ‘अशील’ या जोडशब्दांतील मूळ अट आहे.