काळ्या रंगाचें आयुष्य

शिरूरकडील जुन्या मोडी कागदांवर काजळीच्या शाईचीं अक्षरें अद्याप काळींभोर दिसतात. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्या पिढीचीं पुष्कळ छायाचित्रें मात्र विटलीं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप पिवळा पडे, त्यांतील चांदी फिकी होई. १८६४ सालीं इंग्लंडांत जोसेफ स्वान यानें चांदी सोडून काजळी धरली, म्हणजे कारकुनांचीच वाट!

संगणकाच्या छपाईंत तोच प्रश्न परतला. रंगीत शाया मिसळून साधलेला करडा रंग दिव्याखालीं एक, उन्हांत दुसरा दिसे. पुढें काजळीच्या कणांच्या, गडद-फिकट करड्या शाया आल्या. कोणती शाई किती सोडावयाची, हें ड्रायव्हर नांवाची आज्ञावली ठरविते. ती चुकल्यास उत्तम शाईहि वायां जाते. कित्येक घरांत आजोबांचा एकच फोटो उरलेला असतो. त्याची प्रत विरघळणाऱ्या रंगांच्या स्वस्त शाईनें काढली, तर ती मूळ चित्राच्याहि आधीं उडून जाण्याची भीति असते.