सोंगे आणि छत्तीस फोटोंचा रोल

सोंग घेण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. पण घेतलेले सोंग जसेच्या तसे टिपून ठेवण्याची सोय मात्र कॅमेऱ्याने केली. चित्रकथेतील किंवा चित्रपटातील पात्राचा वेश करून मेळाव्याला जाण्याच्या ज्या छंदाला आज जगभर ‘कॉसप्ले’ म्हणतात, त्याचा इतिहास या दोन गोष्टींच्या जोडीनेच घडला आहे.

या छंदाशी नाव निगडित झाले जपानचे. परंतु त्याचा आरंभ शोधायला न्यूयॉर्कला जावे लागते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. तेथे १९३९ च्या जुलैत विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. जेमतेम दोनशे मंडळी जमली होती. त्यांत फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस ही जोडी भविष्यकाळाचा पोशाख करून अवतरली. पुढे ॲकरमन यांचे नाव या छंदाचे जनक म्हणून गाजले. पण ते पोशाख शिवले होते डग्लसबाईंनी! बाईंचे नाव मागे पडले. दोघांचा एकत्र फोटो मात्र शिल्लक राहिला, आणि तो बाईंच्या बाजूने आजही साक्ष देतो.

टोकियोत २१ डिसेंबर १९७५ रोजी हौशी चित्रकथाकारांचा ‘कॉमिकेट’ हा बाजार सुरू झाला, तेव्हा सुमारे सातशे लोक आले होते. डिसेंबर २०१९ च्या चार दिवसांत हीच संख्या साडेसात लाखांवर गेली! ‘कॉसप्ले’ हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ साली एका मासिकात रूढ केला. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांची ती जपानी मोडतोड.

त्या काळी फोटो काढायचा म्हणजे रोल आला. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. सदतिसावा हवा असेल तर दुसरा रोल घाला. सभागृहातील ट्यूबलाइटखाली उन्हासाठी बनवलेल्या रंगीत फिल्मवर चेहरे हिरवट उमटत, म्हणून फ्लॅश लागे. डोळे मिटले की उघडे राहिले, हे रोल धुऊन आल्यावरच कळे. फोटो द्यायचा तर टपालाने धाडावा लागे किंवा पुढच्या मेळाव्यात हाती द्यावा लागे. म्हणजे फोटोबरोबर ओळखही करून घ्यावी लागे. पैसे मोजून दाबलेल्या बटणाआधी माणूस साहजिकच दोन शब्द बोले, उभे राहण्याची ढब ठरवी.

पुढे डिजिटल कॅमेरा आला आणि फोटो फुकट झाला. न विचारता फोटो टिपणे सोपे झाले. न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली तर फलकच लावावे लागले, की वेश केला म्हणजे संमती दिली असे नव्हे, फोटोपूर्वी विचारा. कॉमिकेटमध्येही फोटोसाठी वेगळी जागा राखलेली असते.

आज काही हौशी मंडळी अशा मेळाव्यांत मुद्दाम फिल्मचा कॅमेरा घेऊन जातात. रंगांची गोडी हे त्याचे एक कारण आहेच. पण रात्र-रात्र जागून शिवलेल्या पोशाखासमोर घटकाभर थांबायचे, कोणी शिवला ते विचारायचे आणि मगच बटण दाबायचे, ही सवय छत्तीस फोटोंचा रोल आपोआप लावतो. डग्लसबाईंना कोणी एवढे विचारले असते, तर त्यांचे नाव इतके मागे पडले नसते.