तळेगावच्या तळ्यातील तोफा आणि पोलादी दोर

११ जानेवारी १७७९ ची रात्र. ठिकाण तळेगाव, आजच्या आकुर्डीहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने तासाभराच्या आतले. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी निघालेल्या इंग्रज फौजेने त्या रात्री आपल्या अवजड तोफा एका तळ्यात ढकलल्या, सामानसाठा पेटवला आणि माघार घेतली. पाच दिवसांनी वडगावचा तह झाला.

या मोहिमेची आठवण महाराष्ट्रात प्रामुख्याने कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टमुळे, म्हणजेच आपल्या ‘इष्टुर फाकड्या’मुळे टिकली आहे. महादजी शिंदे आणि नाना फडणवीसांच्या डावपेचांवरही विपुल लेखन झाले आहे. तळ्यातल्या तोफांकडे मात्र कोणी फारसे थांबून पाहत नाही. वास्तविक त्या तोफा शत्रूने निकामी केलेल्या नव्हत्या. त्या ओढून नेणे शक्य नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

सुमारे ३,९०० सैनिकांच्या या फौजेबरोबर १९,००० बैल होते. बोरघाट चढून वर आल्यावरही ती दिवसाकाठी जेमतेम मैल-दोन मैल सरकत होती. बैलांच्या ओढीला एक मर्यादा असते. जोड्या वाढवत गेले तरी सगळे बैल एकाच क्षणी जोर लावत नाहीत. आणि रुतलेली तोफ तर त्या एकाच क्षणाच्या जोराने निघते. शिवाय ज्या चिखलात तोफ रुतली, त्याच चिखलात बैलांचेही खूर रुततात. म्हणूनच पुढे इंग्रजांच्या तोफखान्यात हत्ती आले. अडलेल्या तोफेला मागून कपाळाने रेटा देणारा हत्ती म्हणजे त्या काळची ‘रिकव्हरी’च.

ओढणाऱ्याचेच पाय रुतत असतील तर त्याने चालूच नये, जागेवर उभे राहून दोर गुंडाळावा, हे या कोड्याचे उत्तर. विहिरीवरचा रहाट हेच करतो. इंग्लंडात जॉन फाउलरने वाफेच्या इंजिनाने हे तत्त्व शेतात आणले: इंजिन बांधावर स्थिर, ड्रमवर पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला नांगर. १८५८ साली त्याला रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे पारितोषिक मिळाले. शेतातला हा दोर मग लष्करी वाहनांवरही चढला.

दुसऱ्या महायुद्धात रणगाडे इतके जड झाले की त्यांना बाहेर काढण्यासाठी स्वतंत्र वाहने आणि स्वतंत्र दळ आवश्यक ठरले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘रीमी’ हे दळ उभे राहिले आणि १९४३ साली भारतीय सेनेतही त्याच धर्तीचे दळ आले. आजची ‘ईएमई’ ती हीच. खडकीची ५१२ आर्मी बेस वर्कशॉप याच दळाची.

या काळातील एका ट्रकची कथा मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ब्रिटिशांच्या मागणीवरून अमेरिकेत ‘डायमंड टी ९८०’ हा अवजड ट्रक तयार झाला. केबिनच्या मागे २० अमेरिकी टन ओढीची विंच आणि ३०० फूट दोर. पण दोर फक्त मागच्या बाजूला सुटत असे. म्हणजे ट्रक स्वतःच रुतला, तर समोरच्या झाडाला दोर बांधून स्वतःला पुढे ओढून घेण्याची सोय नाही! पुढच्या ‘९८१’ मध्ये दोर ५०० फूट झाला आणि पुढच्या बंपरवर रूळ बसवून तो समोरूनही काढता येऊ लागला.

दोराच्या लांबीला एवढे महत्त्व का, हे हिशेबाने कळते. लष्करी ठोकताळा असा: चाकांपर्यंत रुतलेल्या वाहनाला बाहेर येण्यासाठी त्याच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतल्यास दुप्पट, आणि रणगाड्याच्या बुरुजापर्यंत चिखल आल्यास तिप्पट. सेंच्युरियन रणगाडा सुमारे ५० टनांचा. तो मडगार्डपर्यंत गाडला गेला की १०० टनांची ओढ हवी. विंच २० टनांची, म्हणून दोर कप्प्यांमधून फिरवून त्याचे पाच पदर करायचे. कप्प्यांचे घर्षण धरले तर सहा. ओढ वाढते, वेग तितकाच घटतो. आणि ५०० फूट दोराचे सहा पदर केले की हातात उरते जेमतेम ८० फूट अंतर. तेवढ्या अंतरावर घट्ट जमीन नसेल तर सगळा हिशेब कागदावरच राहतो.

विंच बसवतानाचे नियमही अनुभवातून आले आहेत. ती चॅसिसच्या मुख्य चौकटीलाच पक्की हवी, कारण ओढीचा सगळा ताण शेवटी तिथे जातो. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सवरच्या पॉवर टेक-ऑफमधून येते. वाटेत एक शिअर पिन असते. ताण मर्यादेबाहेर गेला की दोराआधी ही स्वस्त पिन तुटावी, एवढेच तिचे काम. नवा दोर ड्रमवर ताण देऊनच गुंडाळायचा, नाहीतर वरचा थर खालच्या सैल थरात घुसून अडकतो. ड्रमवर थर जितके कमी, तितकी ओढ जास्त. तरीही शेवटचे काही वेढे कधीच उलगडायचे नाहीत, कारण दोराला खरे धरून ठेवतात ते वेढे. ओढणारा ट्रकही खुंटे ठोकून किंवा झाडाला बांधून स्थिर करावा लागतो. तसे केले नाही, तर हलका ट्रकच जड रणगाड्याकडे घसरत जातो. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. तुटलेला पोलादी दोर चाबकासारखा परततो.

सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानी पॅटन रणगाडे रुतले. भारतीय मोजदादीनुसार तेथे शत्रूने ९७ रणगाडे गमावले. लढाई तीन दिवसांत संपली. त्यानंतर मागे राहिले होते चिखलातले चाळीस-पंचेचाळीस टनांचे एकेक पॅटन.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. त्यांचा जन्म पुण्याचा, रेजिमेंटही ‘पूना हॉर्स’. त्यांचा सेंच्युरियन रणगाडा ‘फामागुस्ता’ आणि त्यांचे पार्थिव पाकिस्तानी सैन्याच्या हाती गेले. पुढे दोन्ही भारताला परत मिळाले. जळालेला रणगाडा स्वतःच्या बळावर परतत नाही. त्याला कोणीतरी दोर लावावाच लागतो, आणि त्या हातांची नावे सन्मानपत्रांत नसतात. दुरुस्त केलेला ‘फामागुस्ता’ आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये उभा आहे.