अठरा हजार राजीनामे

मध्यमवर्गीय कुटुंबांत घरच्या डॉक्टराचें स्थान जवळजवळ कुलोपाध्यायाच्या बरोबरीचें असतें. कोणाला कोणतें औषध सोसत नाहीं हें तो जाणतो, आणि बहुधा घरांतील भांडणेंहि जाणतो. असा डॉक्टर मिळवावा व टिकवावा कसा, हा प्रश्न ब्रिटनमध्यें १९६५ सालीं इतक्या निकरावर आला होता कीं, ती हकीकत वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस वाटतें.

तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनीं घरच्या डॉक्टरांस पगारी नोकर केलें नाहीं. यादीवर जितकीं माणसें तितकी दरडोई ठरीव रक्कम, असा करार केला. रोग्यास डॉक्टरची फी द्यावी लागेना, ही गोष्ट खरोखरच मोठी. परंतु मोबदल्याच्या रीतींत एक खोट राहिली, आणि आमच्या मतें पुढील अनर्थाचें मूळ तींत आहे. सर्वांचा मोबदला एका सामाईक निधींतून वांटला जाई, व खर्चाची भरपाई सरासरीनें होई. एखाद्यानें परिचारिका ठेवली, रोग्यांस बसावयास बरी जागा केली, तर तो जादा खर्च त्याच्याच खिशांतून जावयाचा. शेजाऱ्यानें मोडक्या बांकावर काम भागविलें, तर बचत त्याच्या पदरांत. यादी लांब तितकी प्राप्ति अधिक. तिची मर्यादा प्रथम ४,००० माणसांची होती, पुढें ३,५०० ची झाली. कंजुषास बक्षीस आणि कर्तव्यदक्षास दंड, असा हा न्याय! १९५० सालीं कॉलिंग्ज नांवाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानें कित्येक दवाखाने स्वतः पाहून त्यांची दुर्दशा 'लॅन्सेट'मध्यें मांडली. १९५२ सालीं न्यायमूर्ति डँकवर्ट्स यांच्या निवाड्यानें रक्कम वाढली, पण खर्चाच्या सरासरीची खोट तशीच राहिली.

शिवाय मानाचाहि प्रश्न होता. चर्चिलचे वैद्य लॉर्ड मोरन यांनीं १९५८ सालीं शाही कमिशनापुढें साक्ष देतांना, तज्ज्ञपदाच्या शिडीवरून घसरलेले लोकच सामान्य वैद्यकाकडे वळतात, अशा अर्थाचें विधान केलें. डॉक्टरमंडळी तें विसरलीं नाहींत. तरुण पदवीधर इस्पितळांकडे वळले; कित्येकांनीं तर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

अखेर १९६५ सालीं ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें सुमारें १८ हजार डॉक्टरांचे, तारीख न घातलेले, राजीनामे गोळा केले. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन हे स्वतः डॉक्टराचे पुत्र. डॉक्टरांच्या बाजूनें जेम्स कॅमेरॉन बोलत होते. वाटाघाटींतून ठरलेली व्यवस्था १९६६ पासून अंमलांत आली. दवाखान्याचें भाडें सरकारनें द्यावें; मदतनिसांच्या पगारापैकीं ७० टक्के सरकारनें सोसावे; इमारतीसाठीं कर्जाची सोय व्हावी; एकत्र व्यवसाय करणारांस आणि डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागांत जाणारांस भत्ता मिळावा. राजीनामे दप्तरांतच राहिले. कोणी म्हणेल, हा सारा पैशाचा महिमा. पैसा वाढला हें खरें. पण तो १९५२ सालींहि वाढला होता. या वेळीं दवाखाना चांगला ठेवणाराचें नुकसान थांबलें.

तरीहि कोळशाच्या खाणींचीं गांवें मागेंच राहिलीं. जेथें गरज सर्वांत मोठी तेथें चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत दुर्मिळ, असें वेल्समधील ग्लिनकॉरग गांवच्या ज्युलिअन ट्यूडर हार्ट यांनीं १९७१ सालीं लिहिलें. अशा गांवांतील जागा पुष्कळ अंशीं भरल्या त्या भारतांतून गेलेल्या डॉक्टरांनीं. ते गेले होते तज्ज्ञ होण्यास. परंतु इस्पितळांतील वरच्या जागा त्यांच्या वांट्यास क्वचित् येत, म्हणून स्थानिक पदवीधर जेथें जात नसत तेथें त्यांनीं दवाखाने थाटले.

इकडे १९४६ च्या भोर समितीनें दर ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर मोजला होता. नोंदलेल्या सुमारें ४७ हजारांपैकीं जवळजवळ ३० हजार लायसन्शिएट, म्हणजे मेडिकल स्कुलांत शिकलेले. सामान्य माणसाच्या वांट्यास बहुधा हाच डॉक्टर येई. समितीच्या बहुमतानें तो अभ्यासक्रम बंद करण्याचा सल्ला दिला. कांहीं सभासदांचा त्यास विरोध होता. पुण्याचें बी. जे. मेडिकल स्कूल त्याच सालीं कॉलेज झालें. पुढें आमच्या पेठांतून लायसन्शिएटांच्या पाट्या एकेक उतरूं लागल्या, आणि वेल्समधील खाणवाल्यांच्या गांवीं भारतीय पदवीधरांच्या पाट्या लागूं लागल्या.